एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांच्या घरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांना नेमकं काय शिकवायचं?

पाऊलवाट (सोमवार, रात्री ९.१०)

नमस्कार. पुढच्या महिन्यात चोवीस जणांचं प्रशिक्षण माझ्याकडे आलंय. सगळे घरोघरी जाऊन एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना आणि त्यांना सांभाळणाऱ्या माणसांना आधार देणार आहेत. काही जणी मोठ्या माणसांच्या गृहभेटी आधीपासून करतात, काही अगदी नव्या. दिवस मिळालेत पाच.

मागच्या वेळी माझं काय चुकलं ते आधी सांगते. पहिले दोन दिवस मी विषाणूवर घालवले. सीडी४ पेशी, विषाणू पेशीत कसा शिरतो, फळाभर आकृत्या. शेवटच्या परीक्षेत सगळ्यांना उत्तम गुण. दोन महिन्यांनी एका ताईंबरोबर मी भेटीला गेले. मुलगी नऊएक वर्षांची. दारातच बसून चपलेचा पट्टा उघडत होती, लावत होती, परत उघडत होती. ताई तिला ओलांडून आत गेल्या आणि आजीशी बोलल्या. गोळ्या घेते का, खोकला आहे का, वजन किती भरलं? वीस मिनिटं गेली. त्या मुलीबद्दल सगळं बोलणं झालं, तिच्याशी एक शब्द नाही. निघताना ताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वहीत लिहिलं, 'सर्व ठीक'.

ताईंचा दोष नव्हता. मी त्यांना तसंच शिकवलं होतं.

मुलांचं प्रकरण मोठ्यांपेक्षा वेगळं आहे हे मला तेव्हा पुरेसं उमगलं नव्हतं. उपचार मिळाले नाहीत तर जन्मतः लागण झालेल्या बाळांपैकी जवळजवळ निम्मी दुसरा वाढदिवस बघत नाहीत. यूएनएड्सचे (संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाचे) २०२३ चे आकडे असे की जगात १४ वर्षांपर्यंतची सुमारे १४ लाख मुलं एचआयव्हीसह जगतात आणि त्यांतल्या जेमतेम ५७ टक्के मुलांना औषधं मिळतात. मोठ्यांमध्ये हेच प्रमाण ७७ टक्के आहे. औषध तेच, विषाणू तोच, आणि मुलं मागे. कारण मूल स्वतः दवाखान्यात जात नाही, त्याला कुणीतरी न्यावं लागतं.

यावेळी सुरुवात मुलापासून करायची आहे. तुमच्यापैकी कुणी हे काम केलं असेल, कुणाच्या घरी असे कार्यकर्ते येत असतील, तर मोकळेपणी लिहा. पाच दिवसांत काय घालू, काय काढू?

खलबत्ता (सोमवार, रात्री १०.०२)

मी औषधांच्या खिडकीमागे बसतो, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो. अर्धा दिवस फक्त गोळी विरघळवायला ठेवा. खरंच, अर्धा दिवस.

आठ-दहा वर्षांपूर्वी लहान मुलांना एचआयव्हीसाठी लोपिनाविर-रिटोनाविरचं पातळ औषध द्यावं लागायचं. विलक्षण कडू, त्यात ४२ टक्के अल्कोहोल, आणि साठवायचं थंडाव्यात. पोरं थुंकून टाकायची, आया रडायच्या. २०२० मध्ये डोलुटेग्राविर या एचआयव्हीवरच्या दुसऱ्या औषधाच्या १० मिलिग्रॅमच्या विरघळणाऱ्या गोळीला मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. चार आठवड्यांच्या, तीन किलोच्या बाळापासून ती देता येते. पण गोळी सोपी झाली म्हणून देणं सोपं झालं असं नाही.

एका आईला मी समोर बसवून म्हटलं, रोज घरी कसं देता ते करून दाखवा. तिने वाटीत पाणी घेतलं, गोळी टाकली, चमच्याने ढवळली, बाहुलीला पाजल्यासारखं केलं आणि वाटी बाजूला ठेवली. वाटीच्या तळाशी पांढरा गाळ तसाच! रोज औषधाचा काही भाग वाटीसोबत धुतला जात होता. त्यात पुन्हा थोडं पाणी घालून, वाटी गोल फिरवून तेही पाजायचं, एवढं एकच वाक्य तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोन चमचे, म्हणजे साधारण १० मिलिलिटर स्वच्छ पाणी पुरतं, आणि विरघळवल्यावर अर्ध्या तासात संपवायचं.

दुसरी गोष्ट वजनाची. डोलुटेग्राविर १० ची मात्रा ३ ते ५.९ किलोला अर्धी गोळी, ६ ते ९.९ ला दीड, १० ते १३.९ ला दोन, १४ ते १९.९ ला अडीच. वीस किलो झाले की मोठ्यांची ५० मिलिग्रॅमची एक गोळी. आता तीन औषधं एकत्र असलेली मुलांची गोळी बऱ्याच ठिकाणी येते, तिचे आकडे निराळे: ६ किलोपासून पुढे त्याच क्रमाने तीन, चार, पाच, आणि २० ते २४.९ ला सहा. कार्यकर्त्यांनी हे पाठ करायची गरज नाही, मात्रा ठरवणं त्यांचं कामही नाही. पण मूल वाढलं, वजनाचा गट ओलांडला आणि मात्रा जुनीच राहिली, हे पहिल्यांदा दिसतं ते घरभेटीतच. मुलाचं वजन आणि बाटलीवरचं लेबल शेजारी ठेवून बघायची सवय लावा, फरक वाटला की लगेच दवाखान्यात कळवायचं.

मोठ्यांची ५० ची गोळी कुटून, भाग करून लहानांना देऊ नका हेही शिकवा. दोन्ही गोळ्या अंगात सारख्या शोषल्या जात नाहीत, हिशेब जुळत नाही.

थर्मामीटर (सोमवार, रात्री १०.४०)

खलबत्ता, वाटीचं अगदी खरं. त्याला जोडून थोडं.

डोस दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तो डोस पुन्हा द्यायचा. राहिलेला डोस भरून काढायला दुप्पट कधीच नाही. अॅबाकाविर हे एचआयव्हीवरचं औषध नव्याने सुरू झालं असेल आणि पहिल्या काही आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या, धाप असं एकत्र दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. आणि त्या कारणाने डॉक्टरांनी एकदा बंद केलं की ते औषध पुन्हा कधीच सुरू करायचं नाही, जिवावर बेतू शकतं. क्षयासाठी रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोलुटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं, म्हणून 'दुसऱ्या कुठल्या दवाखान्यातून काही औषध सुरू झालंय का?' हा प्रश्न प्रत्येक भेटीत हवा.

क्षयासाठी मुलाच्या बाबतीत चारच गोष्टी विचारायच्या: खोकला आहे का, ताप आहे का, वजन वाढायचं थांबलंय का, घरात किंवा जवळपास कुणाला क्षय आहे का. चारांतलं एक 'हो' आलं तरी तपासणीला पाठवायचं. दंडाचा घेर मोजायची पट्टी वापरायलाही शिकवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण, तिथे पुढच्या भेटीपर्यंत थांबायचं नाही.

यापेक्षा जास्त वैद्यकीय भरू नका.

दुसरी_आई (मंगळवार, सकाळी ६.५५)

मी इथे फारसं लिहीत नाही. माझ्या बहिणीचा मुलगा माझ्याकडे वाढतोय, आता दहाचा आहे. बहीण आणि तिचे यजमान दोघंही गेले.

पाऊलवाटताई, तुमच्या प्रशिक्षणात एक तास दारापासून शंभर पावलांचा ठेवा. म्हणजे घरात शिरण्याआधीचा. आमच्याकडे पहिल्या वर्षी जी मुलगी यायची ती स्वभावाने फार गोड. पण गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, खांद्यावर तीच छापील पिशवी, आणि घर सापडेना म्हणून तिने दोन दारं वाजवून आमचं नाव विचारलं. त्या संध्याकाळी शेजारणीने मला विचारलं, "कोण आजारी आहे हो?" मी रात्रभर डोळे उघडे ठेवून पडले होते. तीन महिने मी त्या मुलीला येऊ दिलं नाही. त्या तीन महिन्यांत त्याच्या गोळ्यांचं काय झालं ते माझं मला माहीत.

नंतर ज्या बाई आल्या त्यांनी पहिल्यांदा फोन केला. म्हणाल्या, "मी कोण म्हणून येऊ? तुम्ही ठरवा." आम्ही ठरवलं की त्या माझ्या जुन्या मैत्रीण. आजतागायत त्या मैत्रीणच आहेत. हा प्रश्न विचारायला शिकवा.

आणि वही. प्रत्येक घराची माहिती एका वहीत, ती वही हातात, पहिल्या पानावर सगळ्यांची नावं. असं चालतं का?

पाऊलवाट (मंगळवार, सकाळी ८.२०)

दुसरी_आई, तुम्ही लिहिलंत म्हणून फार बरं वाटलं. वही चालत नाही. यावेळी नावाऐवजी क्रमांक, आणि भेटीला जाताना त्या दिवसाचाच कागद बरोबर. 'मी कोण म्हणून येऊ?' हा पहिल्या दिवसाचा पहिला सराव होईल.

ओंजळ (मंगळवार, दुपारी १.१५)

मी नवी आहे, पुढच्या आठवड्यापासून असंच काम सुरू करतेय. विचारायला संकोच वाटतो, पण भीती आहे. मूल पडलं, रक्त आलं तर? मला घरी लहान बाळ आहे.

थर्मामीटर (मंगळवार, दुपारी २.०५)

संकोच कशाला? ही भीती मनात ठेवून कामाला जाणारी माणसं मुलाला नकळत लांब ठेवतात, आणि मुलाला ते लगेच कळतं. म्हणून उघड विचारलंस हेच चांगलं केलंस.

मांडीवर घेणं, पापा घेणं, एका ताटात जेवणं, एकच संडास, एकच अंथरूण, घाम, अश्रू, लाळ, डास, यांतल्या कशानेही लागण होत नाही. रक्ताला हात लावायचा तो हातमोजे घालून, आणि हे प्रत्येकाच्या रक्ताला, एचआयव्ही असो नसो. मोजे नसतील तर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून जखम दाबायची, नंतर साबण-पाणी. न फुटलेल्या कातडीवर रक्त लागलं तर धुऊन टाकायचं. लागण झालेल्या माणसाला टोचलेली सुई जरी चुकून घुसली तरी धोका हजारात तीनच्या आसपास असतो, आणि तसं काही झालंच तर ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, औषधं सुरू करून २८ दिवस घ्यायची. तुला तर सुया हाताळायच्याच नाहीत.

नियमित औषध घेऊन ज्याचा व्हायरल लोड दबलेला आहे त्याच्या रक्तात विषाणू फार थोडे असतात. मुलाचं औषध नीट चालू राहणं हे सगळ्यांच्याच भल्याचं.

तेविसावं_पान (मंगळवार, रात्री ११.३०)

दिवसभर हा धागा वाचतोय. लिहू की नको करत होतो.

मी जन्मापासून एचआयव्हीसह जगतोय. आता चोवीसचा आहे. मला लहानपणी सांगितलं होतं की तुझं रक्त कमी आहे, म्हणून गोळ्या. मीही तेच मानून चाललो. तेरा वर्षांचा असताना दवाखान्यात रांगेत बसलो होतो, फाइल माझ्या मांडीवर होती, आत्या पाणी आणायला गेली. मी फाइल उघडली. तेविसाव्या पानावर लिहिलेलं होतं. शाळेच्या पुस्तकात तो शब्द वाचलेला होता, त्यामुळे अर्थ कळला. आत्या परत आली तेव्हा मी फाइल मिटून तशीच मांडीवर ठेवली होती. तिला चार वर्षं कळलं नाही की मला कळलंय.

त्या चार वर्षांत मी गोळ्या गादीच्या शिवणीत ढकलायचो. मरायचं होतं म्हणून नाही. सगळे माझ्याशी खोटं बोलले होते, मग मी का खरं वागू, असं डोक्यात होतं. घरी ज्या कार्यकर्त्या यायच्या त्या विचारायच्या, "गोळ्या वेळेवर घेतोस ना बाळा?" मी म्हणायचो, हो. त्या लिहून न्यायच्या.

पाऊलवाट, तुम्ही दारात बसलेल्या मुलीचं लिहिलंत. ती सगळं ऐकत होती, एवढं मी खात्रीने सांगतो.

थर्मामीटर (बुधवार, सकाळी ७.३०)

"घेतोस ना?" या प्रश्नाला 'हो' सोडून दुसरं उत्तरच नसतं. आम्ही आता असं विचारतो: "सगळ्यांचीच कधीतरी गोळी राहते. गेल्या तीन दिवसांत तुझी कधी राहिली?" आणि उत्तर आलं की तोंडावर काहीही उमटू द्यायचं नाही. यासाठी आरशासमोर सराव घेतला आहे आम्ही, सांगायला लाज नाही. मुलाने खरं सांगितल्याबरोबर कार्यकर्तीच्या भुवया वर गेल्या, की पुढच्या वेळी पुन्हा 'हो'.

दुसरी_आई (बुधवार, सकाळी ९.४५)

तेविसावं_पान, तुझं वाचून पोटात कालवलं. माझ्या भाच्यालाही मी हेच सांगितलंय. शक्ती कमी आहे, म्हणून गोळ्या.

पण बाळा, मला सांग, दहा वर्षांच्या पोराला कसं सांगायचं? उद्या तो शाळेत बोलून बसला तर? पोरांच्या तोंडाला कुलूप नसतं. त्याला बाकावरून उठवलं, कुणी डबा खायला जवळ बसेना, तर ते मी कसं निस्तरू? तू मोठा झालास, तुला समजतं. तो अजून झोपताना माझा पदर धरतो.

तेविसावं_पान (बुधवार, दुपारी १२.१०)

मावशी, तुमची भीती खोटी नाही. मी कुणाला सांगितलं नाही कारण मला स्वतःलाच लाज वाटत होती, आणि ती लाज मला खोटं बोलण्यातून मिळाली होती. घरात कुणी उच्चारतच नाही म्हणजे गोष्ट घाणेरडी असणार, असा हिशेब मुलं करतात.

मला नंतर एका समुपदेशकाने गुपित आणि खाजगी यातला फरक समजावला. आंघोळ आपण दार लावून करतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण ते सगळ्यांसमोर नसतं. दहा वर्षांच्या मुलाला हे चांगलं कळतं. कुणाशी बोलता येईल अशा दोन-तीन माणसांची नावं त्यानेच निवडायची. तुमचं, कार्यकर्तीचं, अजून एखादं. त्याला बोलायला जागा मिळाली की तो बाकावर बोलत नाही.

थर्मामीटर (बुधवार, दुपारी १.००)

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये यावर मार्गदर्शन काढलं. शाळकरी वयाच्या, म्हणजे साधारण ६ ते १२ वर्षांच्या मुलांना त्यांची एचआयव्ही स्थिती सांगावी, आणि त्याहून लहानांना त्यांच्या समजेप्रमाणे थोडं थोडं. एका दिवशी बसवून बॉम्ब टाकायचा नसतो. पाच वर्षांच्या मुलाला पुरतं की तुझ्या अंगात एक जंतू आहे, ही गोळी त्याला झोपवून ठेवते, म्हणून रोज घ्यायची, नाहीतर तो जागा होतो. सात-आठला जंतू काय करतो, अंगातले रक्षक कोण. नाव त्यानंतर. नाव येतं तोवर बाकी सगळं त्याला ठाऊक असतं.

कार्यकर्तीने मात्र घरच्यांच्या आधी सांगायचं नाही. तिचं काम घरच्यांना तयार करणं, त्यांच्याबरोबर वाक्यं घोकणं, आणि सांगताना बाजूला बसणं. मूल थेट तिलाच विचारतं तेव्हा काय? "मला एड्स आहे का?" तिथे 'नाही' म्हणायचं नाही, विषय बदलायचा नाही. "चांगलं झालं विचारलंस. तुला काय वाटतं? कुणाकडून ऐकलंस?" आणि मग, "आपण मावशीबरोबर बसून बोलू या", आणि खरंच त्याच आठवड्यात बसायचं.

पाऊलवाट (बुधवार, रात्री ९.००)

हे तुम्ही सगळ्यांनी लिहिलंत ते मी छापून भिंतीवर लावलंय. विषाणूचे दोन दिवस आता दोन तास. अर्धा दिवस वाटी-चमच्याचा. बाकीचा मोठा भाग बोलण्याचा, आणि तोही जोड्या करून, कारण भाषण ऐकून कुणालाही बोलता येत नाही. एकीने मूल व्हायचं, एकीने कार्यकर्ती, तिसरीने फक्त बघायचं. आणि नियम असा की खोलीत शिरल्यावर पहिलं वाक्य मुलाला.

एक गोष्ट मात्र मलाच कळत नाहीये. मुलांशी एवढं बोलायला लागलो की ती बोलतीलही. मग जे कानावर येईल त्याचं काय?

सावली (बुधवार, रात्री १०.१५)

सहा वर्षं हे काम केलं, मध्ये एक वर्ष सोडलं होतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या चुकीतून देते.

एक मुलगी मला म्हणाली, "एक सांगते, पण कुणाला सांगणार नाही ना?" मी म्हणाले, नाही सांगणार, शप्पथ. तिने जे सांगितलं ते ऐकून मला सांगणं भागच होतं. घरातलाच एक माणूस तिला त्रास देत होता. मी सांगितलं, तिची सुटका झाली, पण ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. म्हणून पहिल्याच दिवशी हे वाक्य पाठ करून घ्या: "तू सांगशील ते मी माझ्याजवळ ठेवीन. पण तुला कुणी इजा करत असेल तर मला मदत आणावी लागेल, आणि ती आणण्याआधी मी तुला सांगेन." मुलं तरीही बोलतात. उलट जास्त बोलतात.

दुसरं, कार्यकर्त्यांचं. माझी दोन मुलं एका वर्षात गेली. माझी म्हणजे माझ्या भेटीतली. दुसऱ्याच्या वेळी मी तिथून थेट पुढच्या घरी गेले, कारण यादीत पुढचं घर होतं. मला कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. सहा महिन्यांनी मी दारापर्यंत जायची आणि कडी न वाजवता परत यायची. प्रशिक्षण पाच दिवसांचं असो की पंधरा, नंतर दर पंधरवड्याला बसून बोलायची जागा नसेल तर ते टिकत नाही. ती तारीख आधीच ठरवा. 'गरज लागली तर फोन करा' असं ठेवू नका, कुणी करत नाही.

ओंजळ (गुरुवार, सकाळी ७.१०)

सावलीताई, हे मी जपून ठेवतेय.

खलबत्ता (गुरुवार, सकाळी ११.२५)

तेविसावं_पान यांच्यासाठी एक. झिम्बाब्वेमध्ये २००४ पासून झ्वान्दिरी नावाचा उपक्रम चालतो, शोना भाषेत अर्थ 'मी आहे तसा'. तिथे १८ ते २४ वयाची, स्वतः एचआयव्हीसह जगणारी तरुण मुलंच प्रशिक्षण घेऊन लहानांच्या घरी जातात. त्यांच्यावर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणू न दबणं किंवा मृत्यू, हे दोन्ही धरून प्रमाण नेहमीच्या सेवेपेक्षा ४२ टक्क्यांनी कमी आढळलं. एवढा फरक नव्या औषधानेही सहज पडत नाही.

पाऊलवाट (गुरुवार, दुपारी १२.००)

तेविसावं_पान, याल का? तिसऱ्या दिवशी. नाव सांगायची सक्ती नाही, काय सांगायचं काय नाही ते तुम्ही ठरवा. मानधन इतर प्रशिक्षकांइतकंच.

तेविसावं_पान (गुरुवार, रात्री ८.४०)

येतो. पण माझी कहाणी सांगायला नको, ती इथे लिहिली तेवढी पुरे. सरावात मूल मी होतो. खोटं 'हो' कसं म्हणायचं ते मला चांगलं येतं, त्यांनी ते ओळखायला शिकावं.

दुसरी_आई (रविवार, रात्री १०.५०)

काल सुरुवात केली. मैत्रीणबाईंना बोलावून घेतलं होतं, त्या शेजारी बसल्या, बोलल्या काही नाही. जंतू आहे, गोळी त्याला झोपवते, एवढं सांगितलं. तो म्हणाला, "मग तो कायम झोपलेलाच राहील ना, मी रोज घेतली तर?" मी म्हटलं, हो. मग बराच वेळ गोळ्यांच्या डबीचं झाकण फिरवत बसला. आणि विचारलं, "आईला पण होता का तो जंतू? तिची गोळी राहिली होती का?"

मी उठून आत गेले. सांगते म्हटलं, नंतर सांगते. तो वाट बघतोय. काय सांगू?

तेविसावं_पान (रविवार, रात्री ११.०५)

मावशी, आईला होता, हे खरंच सांगा. राहिली होती का ते तुम्हाला माहीत असेल तसंच सांगा. वेळेवर औषध मिळालं नसेल तर मिळालं नाही म्हणा. आणि तिने तो मुद्दाम त्याला दिला नाही, हेही सांगा. त्याने अजून विचारलेलं नाही, पण मला कळलं तेव्हा मला तेच विचारायचं होतं.

उद्याच सांगा, पण शाळेत जायच्या आधी नको, घाईत होईल. आल्यावर, त्याचं खाऊन झालं की.